दीर्घिकांची खानेसुमारी आणि कृष्णद्रव्याचा प्रश्न

गेल्या सत्रांत गुरुत्वाकर्षणाचा धडा चालूं असतां नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून मला विचारलें, "सर, जी वस्तु कोणीं पाहिली नाहीं, जी कोणत्याहि प्रयोगशाळेंत सांपडली नाहीं, ती जगांतील सर्व दृश्य पदार्थांच्या पांचपट आहे असें शास्त्रज्ञ कशाच्या बळावर म्हणतात? आणि ती सांपडत नाहीं म्हणून आकाशाचे नकाशे काढीत बसण्यानें काय साधणार?" तितक्यांत तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलों, प्रश्न मात्र सुटला नाहीं. वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला तेव्हां त्या विद्यार्थ्याचें देणें फेडण्याची ही संधि बरी, असें मनांत आलें.

त्याच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिल्याचें उत्तर अनेक पुस्तकांतून मिळतें, म्हणून तें थोडक्यांत आटोपतों. दुसऱ्या भागाविषयीं मात्र माझें मत रूढ समजुतीहून वेगळें आहे. कृष्णद्रव्य अद्यापि ‘सांपडलें’ नाहीं, असें वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतें, व त्यावरून त्याविषयीं कांहींच कळलेलें नाहीं असा वाचकांचा ग्रह होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. तें काय असूं शकत नाहीं, कसें वागतें, त्याचे कण जन्मकाळीं मंद होते कीं चपळ, हें पुष्कळसें कळलें आहे. आणि हें ज्ञान मुख्यत्वेंकरून आकाशांतील दीर्घिकांची शिस्तवार मोजदाद करणाऱ्या लोकांनीं मिळवून दिलें आहे. त्यांच्या वांट्याला कीर्ति मात्र थोडी आली.

इ. स. १९३३ मध्यें फ्रिट्झ झ्विकी या स्विस ज्योतिर्विदानें अरुंधतीकेश या तारकासमूहाच्या दिशेस असलेल्या दीर्घिकांच्या एका मोठ्या पुंजाचा अभ्यास केला. (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा असंख्य ताऱ्यांचा स्वतंत्र समुदाय, हें येथेंच सांगून ठेवतों.) त्या पुंजांतील दीर्घिका इतक्या वेगानें धांवत होत्या कीं, दिसणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीनें त्या एकत्र राहणें शक्यच नव्हतें, पुंज केव्हांच विसकटून जावयास पाहिजे होता. यावरून तेथें न दिसणारें द्रव्य पुष्कळ असलें पाहिजे, असें त्यानें अनुमान केलें. त्यानें काढलेला आंकडा पुढें फारच फुगलेला ठरला, परंतु मूळ तक्रार खरी निघाली. १९७० मध्यें व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनीं देवयानी दीर्घिकेचे वेध प्रसिद्ध केले, त्यांतहि तोच प्रकार आढळला. आपल्या सूर्यमालेंत बुध सेकंदास सुमारें ४७ किलोमीटर धांवतो, तर दूरचा नेपच्यून जेमतेम ५. कारण बहुतेक सारें वजन मध्यभागीं सूर्यांत आहे. देवयानींत मात्र कांठाकडील वायूचे तेजस्वी मेघ आंतल्या मेघांच्या मानानें मुळींच मंद पडलेले दिसेनात. अर्थात् तिचें वजन तिच्या प्रकाशाबरोबर मध्यभागीं एकवटलेलें नसून बाहेर दूरवर पसरलेलें आहे. आज सर्व बाजूंनीं हिशेब करतां विश्वांतील एकंदर द्रव्यापैकीं शेंकडा सुमारें ८५ भाग कृष्णद्रव्याचे निघतात.

‘कृष्ण’ हें विशेषण मला तितकेंसें पसंत नाहीं. काळी वस्तु प्रकाश गिळते. हें द्रव्य प्रकाश गिळीत नाहीं व फेंकीतहि नाहीं; प्रकाश त्यांतून आरपार निघून जातो. ‘पारदर्शक द्रव्य’ हें नांव अधिक यथार्थ झालें असतें. परंतु नांव एकदां रूढ झालें म्हणजे त्याच्याशीं भांडण्यांत अर्थ नसतो.

आतां यावर कोणी म्हणेल, हा जमाखर्च जुळविण्याकरितां खात्यांत घातलेला खोटा आंकडा नव्हे कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत त्याला दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणें चालेना, तेव्हां लेव्हेरिए या फ्रेंच गणित्यानें त्यापलीकडे एक न दिसलेला ग्रह कल्पिला, आणि १८४६ मध्यें बर्लिनच्या वेधशाळेंतून तो सांगितल्या जागीं दिसला, तोच नेपच्यून. पुढें बुधहि हिशेब चुकवूं लागला. त्याच लेव्हेरिएनें १८५९ मध्यें सूर्याजवळ आणखी द्रव्य कल्पिलें. ‘व्हल्कन’ असें नामकरण झालेला तो ग्रह कधींच सांपडला नाहीं. १९१५ मध्यें आइन्स्टाइननें गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्यानें मांडला तेव्हां बुधाचें कोडें उलगडलें. म्हणजे एकदां वस्तु राहून गेली होती आणि एकदां नियम अपुरा होता. म्हणूनच १९८३ मध्यें इस्रायलांतील मॉर्डेहाय मिल्ग्रोम यांनीं कृष्णद्रव्य न मानतां नियमच सुधारावा असा पक्ष मांडला, तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. एकेकट्या दीर्घिकेच्या फिरण्याचा उलगडा त्यानें पुष्कळ चांगला होतो. मोठ्या पुंजांपाशीं मात्र तो अपुरा पडतो. असा वाद तोडावयाचा तर एका दीर्घिकेचें चरित्र वाचून भागत नाहीं. सर्व समाज पाहावा लागतो, आणि समाज पाहावयाचा म्हणजे खानेसुमारी आली.

ही खानेसुमारी करतात कशी? दीर्घिका आकाशांत कोणत्या दिशेस आहे हें छायाचित्रांत दिसतें, पण किती दूर आहे हें दिसत नाहीं. त्यासाठीं तिच्या प्रकाशाचा वर्णपट काढावा लागतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दीर्घिका जितकी दूर तितक्या तिच्या वर्णपटांतील रेषा तांबड्या बाजूकडे अधिक सरकलेल्या असतात. हें सरकणें, म्हणजे ताम्रसृति, मोजलें कीं अंतर कळतें, आणि सपाट छायाचित्राला खोली येते. सांगावयास हें सोपें आहे. परंतु १९७७ ते १९८२ या काळांत हार्वर्डच्या खगोलभौतिकी केंद्राच्या ज्योतिर्विदांनीं ॲरिझोनांतील हॉपकिन्स पर्वतावर दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीनें जी पहिली मोठी पाहणी केली, तींत एका वेळीं एकच दीर्घिका घेतां येत असे. सुमारें २,४०० दीर्घिकांची अंतरें काढण्यास त्यांना पांच वर्षें लागलीं. तेवढीं वर्षें रात्रीमागून रात्र डोंगरावर घालवून हातीं काय आलें, तर अंतरांची एक यादी!

त्या यादीनें काय केलें तें आतां पाहावें; माझ्या सर्व म्हणण्याचा आधार येथें आहे.

१९८० मध्यें मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनीं असें जाहीर केलें कीं, न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणास वजन आहे व तें सुमारें ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वजनाच्या सुमारें सतरा हजाराव्या हिश्शाइतकें भरतें. हा भाग नगण्य वाटेल. परंतु विश्वांत न्यूट्रिनोंची संख्या इतकी अफाट आहे कीं, तेवढ्या वजनानें कृष्णद्रव्याचा सर्व हिशेब पुरा होत होता. सर्वत्र आनंदीआनंद झाला. कण ओळखीचा, वजन मोजलेलें, जुळणी बिनचूक. मग आणखी काय पाहिजे?

परंतु न्यूट्रिनो हलका, म्हणून विश्वाच्या बाल्यावस्थेंत तो प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धांवत असणार. अंगणांत रांगोळीचे लहानमोठे ढीग ठेवावे आणि वाऱ्याची झुळूक यावी, म्हणजे बारीक चिमटी असतील त्या उडून जातात आणि मोठे ढीग तेवढे शिल्लक राहतात, तशी गत येथें होते. धांवत्या कणांनीं लहान लहान गोळे पुसून टाकलेले असतात. प्रथम जन्मास येतात ते प्रचंड आकाराचे समूह, आणि त्यांचे तुकडे होऊन मग दीर्घिका बनतात. उलट कण मंद असतील तर लहान गोळे आधीं बनतात व ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. दोन्ही विश्वें दिसावयास सारखीं असणार नाहींत. सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक आणि मार्क डेव्हिस या तिघांनीं न्यूट्रिनोंचें विश्व गणकयंत्रांत घडवून त्यांतील दाटी प्रत्यक्ष यादीशीं ताडून पाहिली. (यांपैकीं डेव्हिस हे हार्वर्डच्या पाहणींतहि होते.) दोहोंचा मेळ बसेना. यंत्रांतील विश्व फारच गुठळ्यागुठळ्यांचें निघालें. तें प्रत्यक्षाशीं जुळवावयाचें तर दीर्घिका अगदीं अलीकडे जन्मल्या असें म्हणावें लागे, आणि आपल्याला तर कितीतरी जुन्या दीर्घिका ठाऊक आहेत. १९८३ मध्यें त्यांनीं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि कृष्णद्रव्याच्या जागेवरून न्यूट्रिनोला उठावें लागलें. १९८५ मध्यें जॉर्ज एफस्टाथिऊ यांना बरोबर घेऊन त्यांनीं मंद कणांचें, म्हणजे ‘शीत’ कृष्णद्रव्याचें, विश्व घडविलें; त्याचा दीर्घिकांशीं मेळ कितीतरी चांगला बसला. मॉस्कोचें मोजमाप पुढें चुकीचें ठरलें. न्यूट्रिनोला वजन आहे हें खरें. पण जर्मनींत कार्ल्सरूहे येथें तराजूवर चढवून पाहिलें, तेव्हां तें अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टहूनहि कमी असल्याचें २०२५ मध्यें प्रसिद्ध झालें.

यांतील मर्म लक्षांत घ्यावें. प्रयोगशाळेनें ‘आहे’ म्हणून सांगितलेली गोष्ट २,४०० दीर्घिकांच्या यादीनें ‘नाहीं’ ठरविली, आणि यादीचें म्हणणें खरें निघालें. मग नकाशे काढीत बसण्यानें काय साधतें हा प्रश्न कसा उरतो?

पुढची मोठी पाहणी स्लोन फाउंडेशनच्या साहाय्यानें न्यू मेक्सिकोंत २००० सालीं सुरू झाली. तिची रीत मला फार आवडते, म्हणून थोडें विषयांतर करून सांगतों. आकाशाच्या एकेका भागासाठीं ॲल्युमिनमची एकेक मोठी तबकडी घेत. ज्या ज्या जागीं दीर्घिकेचें बिंब पडावयाचें त्या त्या जागीं यंत्रानें छिद्र पाडीत; सुरुवातीला एका तबकडीस अशीं ६४० छिद्रें असत. दिवसां कामगार बसून प्रत्येक छिद्रांत कांचेचा एकेक तंतु हातानें खोंवीत, आणि रात्रीं ती तबकडी दुर्बिणीस लावली कीं ६४० वर्णपट एकदम मिळत. विणकरानें ताण्याचे धागे भरावे तसें हें काम वर्षानुवर्षें चाललें. आतां तें काम यंत्रें करतात; ॲरिझोनांतील किट शिखरावर २०२१ पासून चालूं असलेल्या ‘डेसी’ पाहणींत ५,००० तंतु आपोआप जागेवर जाऊन बसतात. परंतु विश्वाच्या नकाशाचा एवढा मोठा भाग मनुष्याच्या बोटांनीं धागे खोंवून तयार झाला, हें मला विसरवत नाहीं.

स्लोनच्या छायाचित्रांतून एक अनपेक्षित लाभ झाला. १९९९ मध्यें गणकयंत्रावर काम करणाऱ्या दोन मंडळ्यांनीं असें दाखविलें होतें कीं, शीत कृष्णद्रव्य खरें असेल तर आपल्या आकाशगंगेभोंवतीं शेंकडों लहान गोळे घिरट्या घालीत असले पाहिजेत. पण तेव्हां ठाऊक असलेल्या उपदीर्घिका होत्या अवघ्या अकराच्या आसपास. सिद्धान्ताच्या विरोधकांना ही नामी संधि होती, व तिचा त्यांनीं उपयोगहि केला. २००५ पासून मात्र स्लोनच्या यादींतून एकामागून एक अशा अंधुक उपदीर्घिका निघूं लागल्या कीं, त्यांतील कित्येकांचें सर्व तेज मिळून कांहीं शें सूर्यांइतकेंच भरतें, आणि वजन मात्र त्याच्या शेंकडों पट. आज एकूण संख्या साठाच्या वर गेली आहे. बाकीचे गोळे इतके लहान असावेत कीं, त्यांत तारे पेटलेच नाहींत.

या मोजणीनेंहि कणाच्या स्वभावावर बंधन घातलें. चिलींतील चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ आणि हवाईतील ‘पॅन-स्टार्स’ या दोन पाहण्यांतील उपदीर्घिकांची गणती करून २०२१ मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, कृष्णद्रव्याचा कण आरंभींच्या विश्वांत उष्णतेच्या समतोलांतून निपजला असें मानल्यास त्याचें वजन ६,५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षां कमी असूं शकत नाहीं. त्याहून हलका असता तर आज दिसणाऱ्या या चिमुकल्या दीर्घिका रांगोळीच्या चिमटीसारख्या केव्हांच उडून गेल्या असत्या. आकाशांतील अत्यंत मिणमिणते दिवे मोजावे आणि त्यावरून न दिसणाऱ्या कणाचें किमान वजन सांगावें, हा तर्क मला कोणत्याहि कादंबरीहून अधिक रोमांचक वाटतो.

दुसरी एक रीत आहे ती प्रकाश वांकण्याची. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश येतांना वाटेंत द्रव्य असेल तर तो किंचित् वांकतो व तिची आकृति जराशी ओढल्यासारखी दिसते. एका दीर्घिकेवरून कांहींच समजत नाहीं, कारण ती मुळांतच लांबट असूं शकते. पण लाखों एकाच रोखानें कलल्या म्हणजे मधलें द्रव्य कोठें किती आहे याचा नकाशा निघतो. चिलीच्या वरील पाहणीनें २०२१ मध्यें सुमारें दहा कोटि दीर्घिकांच्या आकृति मोजल्या. तेव्हां विश्वांतील दाटी अपेक्षेहून किंचित् कमी भरली व कांहींतरी नवें असावें अशी कुजबूज सुरू झाली. तसाच फरक दाखविणाऱ्या दुसऱ्या एका पाहणीनें, ‘किड्स’नें, अंतरांचा आपला हिशेब अधिक काटेकोरपणें पुन्हां तपासला आणि २०२५ मध्यें फरक जवळजवळ मिटल्याचें स्वतःच सांगितलें. स्वतःची खळबळजनक बातमी स्वतःच मागें घेणाऱ्या लोकांवर माझा विश्वास अधिक बसतो.

इतकें सांगून जें मान्य केलें पाहिजे तें करतों. खानेसुमारीनें कणाचें नांव कळणार नाहीं. त्यासाठीं भूगर्भांत टांक्या बांधून लोक वाट पाहात बसले आहेत. अमेरिकेंत दक्षिण डाकोटामध्यें एका जुन्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखालीं सुमारें दीड किलोमीटर, ७ टन द्रवरूप झेनॉनची टांकी ठेवलेली आहे; कृष्णद्रव्याचा एखादा कण झेनॉनच्या अणूवर आदळून लहानशी ठिणगी पाडील, ही आशा. अद्यापि तशी ठिणगी पडलेली नाहीं. हे प्रयोग चालले पाहिजेत यांत मला शंका नाहीं. परंतु कृष्णद्रव्य गुरुत्वाकर्षणावांचून दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें आपल्या पदार्थांस स्पर्शच करीत नसेल तर? तसें नसावें असा निसर्गानें कोणास शब्द दिलेला नाहीं. त्या वेळीं सर्व टांक्या कायमच्या मुक्या राहतील. वजन मात्र त्याला लपवितां येणार नाहीं, कारण त्या वजनावरूनच तर तें असल्याचें आपल्याला कळलें. दीर्घिकांची पाहणी या एकाच गुणाच्या आधारावर चालते, म्हणून टांकीला यश येवो वा न येवो, पाहणीला कांहींना कांहीं कळतच राहतें. माझ्या मतानें हाच तिचा मोठा अधिकार आहे, आणि ‘सांपडलें नाहीं’ या ओरडीमध्यें तोच नेमका हरवून जातो.

राहिला पैशाचा आक्षेप. या दुर्बिणी महाग आहेत, आणि ज्या देशांत शाळांच्या छपरांची डागडुजी होत नाहीं तेथील माणसानें हा प्रश्न विचारला तर त्याला मूर्ख म्हणतां येणार नाहीं. परंतु स्लोनची सर्व सामग्री कोणालाहि फुकट पाहावयास मोकळी आहे, हें त्यानें ध्यानांत घ्यावें. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंतील व ‘आयसर’मधील संशोधकांनीं हीच सामग्री चाळून ४०० कोटि प्रकाशवर्षें दूर असलेला, सुमारें ६० कोटि प्रकाशवर्षें पसरलेला दीर्घिकापुंजांचा एक महासमूह शोधून काढला व २०१७ मध्यें त्याचें ‘सरस्वती’ असें नामकरण केलें. न्यू मेक्सिकोंत तंतु खोंवले गेले आणि त्यांचें वस्त्र पुण्यांत उलगडलें गेलें. आपल्या शाळेच्या संगणकावरहि तें उलगडतां येईल. अडचण असेल तर ती पैशाची नसून बसून पाहण्याच्या संवयीची आहे.

आतां चिलींतच सेरो पाचोन या डोंगरावर व्हेरा रूबिन यांचेंच नांव दिलेली वेधशाळा उभी राहिली आहे. तिचा आरसा ८.४ मीटर व्यासाचा आहे, आणि पहिलीं चित्रें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध झालीं. दहा वर्षें दर कांहीं रात्रींनीं दक्षिणेचें सर्व आकाश पुन्हां पुन्हां टिपावयाचें, असा तिचा संकल्प आहे. तिच्या चित्रांत आणखी अंधुक उपदीर्घिका सांपडाव्या अशी अपेक्षा आहे. शिवाय आकाशगंगेभोंवतीं ताऱ्यांचे लांबच लांब प्रवाह आहेत. ज्यांत तारे पेटलेच नाहींत असा एखादा कृष्णद्रव्याचा गोळा त्यांतून गेला असेल तर तेथें खिंडार पडलेलें दिसेल. स्लोनच्या चित्रांत २००६ मध्यें सांपडलेल्या एका प्रवाहांत तसें खिंडार आहे. तें कशानें पडलें याचा निकाल अजून लागलेला नाहीं. अशीं खिंडारें पुष्कळ आढळलीं तर शीत कृष्णद्रव्याचा पक्ष बळकट होईल. मुळींच आढळलीं नाहींत तर त्या पक्षाला, म्हणजे मी ज्याची आतांपर्यंत वकिली केली त्यालाच, उत्तर द्यावें लागेल.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्यास एक काम सांगतों. वैशाखांत रात्रीं दहाच्या सुमारास गच्चीवर जावें. स्वाती आणि उत्तरा फाल्गुनी हे दोन तारे ओळखावे, आणि त्यांच्या मधोमध, किंचित् उत्तरेस, जवळजवळ डोक्यावर पाहावें. तेथें नुसत्या डोळ्यांस विशेष कांहीं दिसणार नाहीं. झ्विकीनें ज्याचा हिशेब मांडला तो हजारांहून अधिक दीर्घिकांचा पुंज त्याच जागीं, सुमारें ३२ कोटि प्रकाशवर्षांवर आहे.